पहारेकऱ्याच्या पुढे उभी केलेली कॅश

मी एक जुनी कॅश आहे. रोकड नव्हे हो! वेबसाइटची तात्पुरती आठवण. तपासण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये, काउंटरखालच्या संगणकात माझा मुक्काम. मित्रांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलेलं आहे.

माझं काम सरळ. कुणी एखादं पान मागितलं की ते मी जवळ ठेवते आणि पुढच्यानं तेच मागितलं की चटकन हातावर ठेवते. लॅबच्या वेळा, पत्ता, नकाशा मी बिनतक्रार वाटत आले. रिपोर्टांच्या दारावर मात्र लॉगिन नावाचा पहारेकरी असायचा. तो पासवर्ड विचारायचा आणि ज्याचा त्यालाच रिपोर्ट द्यायचा.

एके दिवशी मालकीणबाई कडाडल्या, "अहो, पान उघडेपर्यंत पेशंट बरा होऊन जाईल! करा काहीतरी!"

वेबसाइट सांभाळणारा आमचा इंजिनिअर म्हणजे घाईचा पुतळा. त्यानं मला उचललं आणि थेट पहारेकऱ्याच्या पुढे उभं केलं. स्वतःच्या नावानं रिपोर्ट उघडून पाहिला. "बघा, कसं सुसाट!" बाईंनी त्याची पाठ थोपटली.

सुसाट म्हणे, डोंबल! "माझा रिपोर्ट" या पानाचा पत्ता सगळ्यांना एकच. तो कुणाचा, हे पहारेकरी ठरवायचा. मला माणसं ओळखता येत नाहीत, फक्त पत्ता कळतो. एकासाठी आलेलं पान मी दुसऱ्याला देणार, हे त्या शहाण्याला कळू नये?

त्याच दुपारी, इंजिनिअरचं पान शिळं झालं म्हणून मी टाकून दिल्यावर, एक बसड्रायव्हर आले. काउंटरवरच्या ताईंना हळूच म्हणाले, "ताई, गाठीचा रिपोर्ट आलाय ना? घरी फोन करू नका हं. मुलीचा उद्या शेवटचा पेपर आहे. तो झाला की मीच सांगीन, जवळ बसवून."

"नाही करणार, दादा."

तिथेच बाकावर बसून त्यांनी फोनवर रिपोर्ट उघडला. वाचला. मग फोन बाकावर पालथा ठेवला.

तिकडे घरी मुलगीही आपला रिपोर्ट पाहत होती. अशक्तपणासाठी तिचंही रक्त तपासलं होतं. तिनं "माझा रिपोर्ट" मागितला आणि मी दिला. वर वडिलांचं नाव, खाली कॅन्सर.

बाकावरचा फोन वाजला. पोरगी इतकी ओरडून रडत होती की काउंटरपर्यंत ऐकू आलं. "बाबा, हे तुमचं नाव आहे! खरंय का हे?"

"अगं, ऐक... आधी रडू नकोस..."

इंजिनिअर धावत आला. "कॅशनं घोळ घातला!" म्हणे मी! जळ्ळं मेलं लक्षण! दोन कळा दाबून तो म्हणाला, "साफ केली, दादा. आता ते पान कुठेच नाही."

ड्रायव्हरदादांनी मान वर केली. "मशीनमधून गेलं हो. पोरीच्या डोक्यातून कसं काढू, तेवढं सांगा."



मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी वेबसाइट बांधेल. आधी पहारेकरी, मग मी. आणि स्वतःचा रिपोर्ट दिसला म्हणून नाचू नका. लगेच दुसऱ्याच्या नावानं उघडून बघा. तेवढाही ज्याला कंटाळा, त्यानं माझ्या वाऱ्यालाही उभं राहू नये.