ब्रॅनिगनच्या चुका

स्वप्ना रामटेकेने ती चार पानं पाठवली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण कुणी मागितलं की द्यायचं, आणि द्यायचं तर अर्धवट द्यायचं नाही, ही तिची लॅबमधली सवय. आठवडाभर ती ब्रिस्बेनच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. उन्हाळ्यातल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते जानेवारीतल्या, शनिवार-रविवारी मात्र इप्सविच हेरन्स या बेसबॉल क्लबची अधिकृत स्कोरर म्हणून प्रेस बॉक्समध्ये बसायची. अमरावतीला शिकत असताना ती विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर होती. इथे ते सांगितलं की लोकांच्या भुवया वर जात, म्हणून तिने सांगणंच सोडून दिलं होतं.

स्कोररचं काम म्हणजे नुसत्या धावा मोजणं नव्हे. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्याने, म्हणजे हिटने, की समोरच्या खेळाडूच्या चुकीने, म्हणजे एररने, हे स्कोररने ठरवायचं. ती म्हणेल ते बोर्डावर लागतं आणि कायमचं नोंदलं जातं. ही नोंद स्वप्ना नऊ वर्षं करत होती, आणि त्या नऊ वर्षांत कॅल ब्रॅनिगनइतकं काम तिला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

ब्रॅनिगन हेरन्सचा लेफ्ट फील्डर, म्हणजे आउटफील्डमध्ये, मैदानाच्या मागच्या भागात, डावीकडे उभा राहून लांबचे चेंडू पकडणारा. अकरा सीझन खेळला, क्लबला दोनदा चॅम्पियन केलं. पण माणूस महातापट. अंपायरला शिव्या देऊन आठ मॅचची बंदी ओढवून घेतलेली. एका प्रेक्षकाचा फोन हिसकावून गवतात भिरकावलेला. दोन वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये याने मारलेला शेवटचा चेंडू हळूच समोरच्याकडे गेला, तर हा पहिल्या बेसकडे धावलाच नाही, उभा राहिला आणि हेरन्स हरले. ती गोष्ट लोक विसरायला तयार नव्हते. आणि आता जानेवारीत त्याने जाहीर केलं की रविवारची मॅच आपली शेवटची, पुढच्या सीझनपासून आपण पर्थच्या एका क्लबकडून खेळणार. मग काय, तोंड सुटलं सगळ्यांचं. निम्मे म्हणत गद्दार, निम्मे म्हणत असा पुन्हा होणे नाही.

रॉब नावाचा एक पत्रकार होता, एका स्थानिक न्यूज साइटसाठी लिहायचा. त्याने बुधवारी मेल केला, ब्रॅनिगनच्या सगळ्या एरर्स मिळतील का. स्वप्नाने लंचमध्ये बसून चार पानं तयार केली. त्यात एकतीस चुका होत्याच. पण तो किती चेंडूंपर्यंत पोचला, किती पकडले, आणि त्याच जागी खेळलेले इतर किती चेंडूंपर्यंत पोचले, हेही होतं. खाली तिने दोन ओळी लिहिल्या : जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही, ब्रॅनिगन इतरांपेक्षा खूप जास्त चेंडूंपर्यंत पोचतो, म्हणून हे आकडे एकत्रच वाचावेत.

गुरुवारी सकाळी बातमी आली. मथळा होता, ‘एकतीस चुका आणि एक पळपुटा’. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : ‘ब्रॅनिगनने क्लबच्या इतिहासातल्या कुठल्याही आउटफील्डरपेक्षा जास्त चुका केल्या, याला क्लबच्या अधिकृत स्कोरर स्वप्ना रामटेके यांनी दुजोरा दिला आहे.’

स्वप्नाने ते स्टेशनवर उभ्या उभ्या वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रेन आली, दारं उघडली, मिटली, ट्रेन गेली. तिने तिथूनच रॉबला फोन लावला.

“यात खोटं काय आहे?” रॉबने शांतपणे विचारलं. “आकडा तूच दिलास.”

“मी चार पानं दिली होती. तू एक ओळ घेतलीस.”

“स्वप्ना, मला सहाशे शब्द मिळतात. चार पानं कोण वाचतं? नो वरीज, चांगली चाललीय बातमी. तुझं नावही आलं.”

नाव आलं हीच तर पंचाईत होती. तिने क्लबच्या मीडिया मॅनेजरला फोन केला. ती बाई गोड बोलली, पण म्हणाली की कुणीही काहीही उत्तर देऊ नये, क्लबला हे प्रकरण सन्मानाने संपवायचंय. मग स्वप्नाने स्वतःच चाहत्यांच्या फेसबुक ग्रुपवर चारही पानं टाकली आणि वर लिहिलं की माझं म्हणणं अर्धंच छापलंय. हात दाखवून अवलक्षण झालं. एका बाजूने लिहिलं, बघा, स्कोररच सांगतेय एकतीस. दुसऱ्या बाजूने लिहिलं, हिला बेसबॉल काय कळतो, हिने जाऊन क्रिकेटचे स्कोर लिहावेत. चौथ्या पानापर्यंत कुणी गेल्याचं दिसत नव्हतं.

संध्याकाळी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरी ती भाजी चिरत होती आणि सुरी जरा जास्तच जोरात आपटत होती. नवरा सुजित ओट्याला टेकून उभा होता. चौदा वर्षांची निहारिका टेबलाशी बसून फोनमध्ये त्याच कमेंट्स वाचत होती.

“तुला काय पडलंय पण त्याचं?” सुजित म्हणाला. “चार वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांसमोर तुझा काय अपमान केला होता, विसरलीस? मी तर म्हणतो, बरं झालं.”

ती विसरली नव्हती. तेव्हा ब्रॅनिगनने सलग एकोणीस मॅचमध्ये हिट मारला होता. विसाव्या मॅचमध्ये त्याच्या फटक्यावर समोरच्याने सोपा चेंडू सोडला आणि स्वप्नाने ती समोरच्याची चूक दिली. ब्रॅनिगनची मालिका तुटली. मॅच संपल्यावर तो प्रेस बॉक्समध्ये आला आणि पाच-सहा पत्रकारांसमोर तिला म्हणाला, “तुमच्याकडे हा खेळ असतो तरी का?” रॉबही तिथेच होता.

“अपमान केला हे खरंय,” ती म्हणाली. “पण हे मी बोलले नाही, हेही खरंय. माझं नाव घालून अर्धंच छापलंय.”

“ही इज स्टिल अ जर्क, मम्मा,” निहारिका फोनमधून मान वर न करता म्हणाली.

“आहेच. पण जर्क आहे म्हणून तो चेंडू सोडतो असं होत नाही ना.”

“नोबडी केअर्स अबाउट द डिफरन्स.”

स्वप्नाने उरलेली भाजी आणखी जोरात चिरली.

रविवारी मॅच दोनला होती. ती बाराच्या सुमारास पोचली. स्टँडखालच्या बोळातून जिन्याकडे जाताना समोर ब्रॅनिगन उभा होता, मनगटाला टेप गुंडाळत. छत्तीस वर्षांचा, दाढी कानशिलांपाशी पिकलेली. तिला पाहून त्याने टेप दातांनी तोडली.

“एकतीस,” तो म्हणाला.

“मी चार पानं दिली होती. तू किती चेंडूंपर्यंत पोचलास तेही होतं. त्याने ते घेतलं नाही.”

“अर्थातच नाही घेतलं. अकरा वर्षं मी या लोकांशी बोलतोय. आधी मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझं चुकलं.”

तीन दिवस ती या माणसासाठी लोकांच्या शिव्या खात होती, आणि हा तिलाच चूक देत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, “चार वर्षांपूर्वी तू वर येऊन मला काय बोलला होतास, आठवतंय?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न करत असावा. “नाही.”

तिने ते वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. त्याने टेपचं टोक मनगटावर दाबून बसवलं.

“बोललो असेन,” तो म्हणाला. “त्या वर्षी मी बऱ्याच जणांना बरंच बोललोय.” आणि तो मैदानाकडे निघून गेला. सॉरी नाही, काही नाही. स्वप्ना जिना चढून वर गेली.

मैदान भरलं होतं. ब्रॅनिगन लेफ्ट फील्डला उभा राहिला की तिकडच्या स्टँडमधून हुर्यो उठायची, आणि ती दाबायला दुसऱ्या बाजूचे टाळ्या वाजवायचे. मॅचच्या नऊ इनिंगपैकी पहिल्या सहा तो शांत होता. सातव्या इनिंगमध्ये एक उंच, मऊ चेंडू त्याच्याकडे गेला. शाळेतल्या पोराने पकडावा असा. तो चेंडूच्या खाली येऊन उभा राहिला, हात वर केला, आणि चेंडू हातमोज्याच्या कडेला लागून गवतावर पडला.

सगळं मैदान ओरडलं. पुढच्या रांगेतल्या रॉबने खुर्ची मागे वळवली आणि स्वप्नाकडे पाहिलं. तिने रिप्ले मागितला, तशी गरज नसताना. डोळ्यात ऊन गेलं असेल का, वारा असेल का, काहीतरी सापडावं असं तिला वाटत होतं. आभाळ भरलेलं होतं आणि झेंडे लोंबत होते. ज्याच्यासाठी तिने तीन दिवस भांडण केलं, त्याच्याच शेवटच्या मॅचमध्ये तिला ते म्हणावं लागणार होतं. तिने माईकचं बटण दाबलं.

“एरर, लेफ्ट फील्डर.”

आठव्या इनिंगमध्ये चेंडू पार मागच्या भिंतीकडे गेला. दुसरा कुणी असता तर थांबला असता आणि भिंतीवरून परत येणाऱ्या चेंडूची वाट पाहिली असती. ब्रॅनिगन जीव खाऊन धावला, आडवा झेपावला. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाला लागून निसटला. पुन्हा तीच आरोळी, आधीपेक्षा मोठी.

“हिट,” स्वप्ना माईकमध्ये म्हणाली.

रॉब टाइप करत होता. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. त्याने लिहिलं होतं, शेवटच्या दिवशी दोन झेल सोडले.

“दुसरी चूक नाही,” ती म्हणाली. “मी हिट दिलाय. तिथपर्यंत कुणी पोचलंच नसतं.”

“लोकांनी तर सोडलेला पाहिला.”

“लोक स्कोरर नाहीत.”

“लोकच वाचतात, स्वप्ना,” रॉब म्हणाला. तो चिडवत नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

मॅच हेरन्स हरले. मग मोठ्या पडद्यावर क्लबने ब्रॅनिगनचा निरोपाचा व्हिडिओ लावला. सगळे उंच उडालेले होमरन, दोन चषक, तरुणपणीचं हसणं, मागे संगीत. बंदी नाही, फेकलेला फोन नाही, ती फायनल नाही. तासाभरापूर्वी हुर्यो उडवणारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काही डोळे पुसत होती. रॉबच्या बातमीतला माणूस जितका अर्धा होता तितकाच हाही अर्धा. नऊ वर्षं स्वप्नाने ज्याची एकेक हालचाल लिहिली, जो तिच्याशी वाईट वागला आणि भिंतीपर्यंत धावला, तो दोन्हीकडे नव्हता. ब्रॅनिगनने टोपी काढली, एकदा सगळ्या बाजूंना पाहिलं, आणि भाषण न करता आत गेला.

सोमवारी तिने संपादकांना पत्र लिहिलं. शुक्रवारी त्यातल्या तीन ओळी छापून आल्या. चेंडूपर्यंत न पोचणाऱ्याच्या नावावर चूक लागत नाही, ही ज्या ओळीसाठी पत्र लिहिलं होतं ती त्यात नव्हती. सुजित म्हणाला, छापल्या हेच खूप. त्या दिवशी ती त्याच्याशी फारशी बोलली नाही.

पण तिने एक केलं. क्लबला लेखी कळवलं की आकडे पाहिजे असतील तर पत्रकाराने दोन इनिंग आपल्या शेजारी येऊन बसावं, नोंद कशी होते ते पाहावं, मगच पानं मिळतील. मीडिया मॅनेजरने ‘चांगली कल्पना’ असं उत्तर दिलं.

नोव्हेंबरात नवा सीझन सुरू झाला. लेफ्ट फील्डला आता एक सभ्य, हसतमुख खेळाडू होता. तो मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या चेंडूंसाठी धावायचा नाही, म्हणून त्याच्या नावावर चूकही लागायची नाही. डिसेंबरमध्ये रॉबचा मेल आला, या नव्या खेळाडूबद्दल आकडे हवे होते. स्वप्नाने आपली अट कळवली. रॉबने लगेच उत्तर दिलं की वेळ मिळाला की नक्की येतो.

तो आला नाही. पुढच्या आठवड्यात बातमी आली की हेरन्सला अखेर एक भरवशाचा लेफ्ट फील्डर मिळाला, सोळा मॅच, एकही चूक नाही. आकडा त्याने लीगच्या वेबसाइटवरून घेतला होता आणि तो अगदी बरोबर होता. स्वप्नाने ती बातमी सुजितला दाखवली, त्याने वाचली आणि विचारलं, यात चुकीचं काय आहे. ती त्याला सांगायला बसली. पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, पण निदान तो ऐकायला बसला होता.