फोरमन स्कॅनर घ्यायला जातात

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर तिसरं खोकं ठेवलं, झाकण उघडलं आणि आतलं यंत्र फोरमनच्या दिशेनं वळवलं.

"साहेब, हे बघा. ह्याच्यापुढं दुसरं काही नाही."

फोरमनना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बस डेपोतलं ते नाव त्यांच्यामागोमाग घरापर्यंत आलं होतं. बायकोसुद्धा चिडली की त्यांना "अहो फोरमन" अशी हाक मारायची. त्यांनी यंत्र उचललं. चांगलं जड होतं. चारी कोपऱ्यांना जाड रबर, मागे पकडायला पट्टा, समोर तळहाताहून मोठा पडदा. हत्यार हातात घेतल्यावर ते हाताला जाणवलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं, आणि हे जाणवत होतं.

शेजारी उभी असलेली सून मात्र मधलं खोकं उलटं करून त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचत होती.

"ह्यात चालू इंजिनाचे आकडे दिसतात का?" तिनं विचारलं.

"दिसतात की साहेब," दुकानदार फोरमनना म्हणाला.

"आणि बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाची काय अवस्था होती, ते जपून ठेवतं?"

"ठेवतं ना. साहेब, पण तुम्ही हे मोठं बघा. ब्रेक, एअरबॅग, गिअरबॉक्स, सगळं ह्याच्या पोटात आहे."

फोरमननी मान डोलावली खरी, पण त्यातलं निम्मं त्यांना कळलं नव्हतं. डेपोत त्यांच्या हाताखालून डिझेलची इंजिनं गेली होती. ती धूर काढून, थरथरून, खोकून आपली तक्रार सांगत. घरची ही छोटी पेट्रोल गाडी तसं काही बोलत नसे. ती फक्त डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावायची आणि गप्प बसायची.

महिनाभर तो दिवा पेटलेला होता. गाडी पळताना ठीक असायची, पण सिग्नलला थांबली की इंजिन गचके खाऊ लागे, आणि मनात आलं तर बंद पडे. फोरमननी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. शेवटी चढावर, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ चालू असताना, ती फोरमनच्या बायकोला आत घेऊन बंद पडली. मुलगा चालवत होता. त्याला गाडीतला फक्त रेडिओ कळायचा. घरी आल्यावर बायकोनं चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच सांगितलं, "उद्याच्या उद्या ही कंपनीच्या वर्कशॉपला द्या. नाहीतर विकून टाका. मी चालत जाईन, पण हिच्यात बसणार नाही."

फोरमन त्या रात्री नीट जेवले नाहीत. सगळा डेपो ज्यांच्याकडे बिघाड घेऊन यायचा, त्यांच्या अंगणातली गाडी दुसरा कुणीतरी दुरुस्त करणार होता.

सुनेनं ते ताटावरूनच ओळखलं होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. लग्न होऊन आली तेव्हा सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांच्या शेजारी नुसती उभी राहायची. मग कधीतरी टॉर्च धरायला लागली, मग बाह्या सरसावून ऑइल बदलायला. आता तिच्या नखांच्या कडेला काळपट रेघ असली, की इस्पितळातल्या मैत्रिणी समजत, काल सुट्टी गाडीखाली गेली.

"बाबा, गाडीला लावायचा स्कॅनर घेऊ या," सकाळी चहा देताना ती म्हणाली होती.

"यंत्राला विचारून गाडी दुरुस्त करू?"

"यंत्र काही सांगत नाही हो. एक्स-रे काय सांगतो? नुसतं आतलं दाखवतो. हाड कुठं मोडलंय ते बघणाऱ्याला कळावं लागतं."

फोरमननी चहा संपवला. मग कप ठेवून म्हणाले, "घ्यायचंच तर निवडणार मी."

आणि आता त्यांनी निवडलं होतं.

"हे मोठंच घेऊ," ते म्हणाले.

"बाबा, ह्यात ट्रकसुद्धा तपासता येतात."

"मग चांगलंच आहे की."

"आपल्याकडे ट्रक कुठाय?"

दुकानदार हसला. फोरमन हसले नाहीत. सुनेनं आवाज खाली आणला.

"आणि दर वर्षी त्याची माहिती विकत घेऊन नवी करावी लागते, नाहीतर ते नव्या गाड्या ओळखत नाही. आपण घरची गाडी बघतो, फार तर शेजाऱ्यांची. आपला काही डेपो नाही, बाबा."

तिच्या तोंडून शब्द निघून गेला आणि तिला वाटलं, जरा वेगळं म्हणता आलं असतं. फोरमननी ते जड यंत्र खोक्यात परत ठेवलं. पडद्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसले.

"खरंय," ते म्हणाले. "डेपो नाही."

मग सून दुकानदाराकडे वळली.

"गाडी बाहेरच उभी आहे. ही दोन लहान यंत्रं लावून बघता येतील?"

"साहेब, लावायला काही हरकत नाही, पण–"

"प्रश्न तिनं विचारलाय," फोरमन म्हणाले. "उत्तर तिला द्या."

दुकानदार गोरामोरा झाला. माणूस वाईट नव्हता. इतकी वर्षं काउंटरच्या पलीकडे पुरुषच उभे राहिल्यामुळे त्याची मान आपोआप त्या बाजूला वळायची, इतकंच. "हो ताई, चला ना," असं म्हणून तोच दोन्ही खोकी घेऊन बाहेर आला.

सगळ्यात स्वस्त यंत्र काडेपेटीएवढं होतं. सुनेनं ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावलं, चावी फिरवली. छोट्या पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटले आणि तिथंच थांबले.

"मिश्रण पातळ," दुकानदार लगेच म्हणाला. "म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हे नेहमीचंच आहे ताई. सायलेन्सरवरचा सेन्सर गेला. माझ्याकडे आहे, अस्सल आहे. बदला आणि विसरून जा."

फोरमननी सुनेकडे पाहिलं. सेन्सर बदलला की गाडी आजच घरी नीट होऊन जाणार होती, आणि बायकोसमोर मान वर करून सांगता आलं असतं. पण सून खोबणीतलं यंत्र काढत होती.

"हे नको," ती म्हणाली. "हे नुसतं बिघाडाचं नाव सांगतं आणि दिवा विझवतं. ते मधलं द्या."

मधल्याला वहीच्या अर्ध्या पानाएवढा पडदा होता. तो उजळला आणि आकड्यांच्या ओळी हलू लागल्या. सुनेनं इंजिन चालू केलं. गाडी जागेवर उभ्याउभ्या गचके खाऊ लागली. फोरमन खिडकीतून वाकले. बघतात तर पडद्यावर एक रेघ वरखाली नाचत होती, आणि इंजिनाचा प्रत्येक गचका तिच्यात दिसत होता. कानानं जे ऐकू येत होतं ते समोर कुणीतरी काढून दाखवत होतं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"हा आकडा कसला?"

"गाडी स्वतःहून किती जादा पेट्रोल ओततेय त्याचा. बघा किती चढलाय. आता बघा हं."

तिनं हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज वाढला आणि आकडा हळूहळू उतरत जवळजवळ शून्याला आला. तिनं पाय काढला. आकडा पुन्हा चढला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. नंतर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती क्षणभर तशीच बसली.

"सेन्सर बिघडला असता तर आकडा वेगातही चुकला असता," ती म्हणाली. "हा फक्त इंजिन मंद असताना चुकतोय. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत येतेय. इंजिन जोरात फिरलं की एवढ्याशा हवेनं फरक पडत नाही. मंद चाललं की पडतो. बाबा, कुठंतरी नळी फाटलीय."

दुकानदार काहीतरी म्हणणार होता, पण फोरमन तोवर गाडीच्या तोंडाशी पोचले होते. बॉनेट उघडून त्यांनी आधार लावला. ह्या नळ्या त्यांनी महिन्याभरात वरून कितीदा पाहिल्या होत्या. आज त्यांनी डोळ्यांना काही विचारलंच नाही. उजवा हात आत घातला आणि प्रत्येक नळीच्या खालच्या अंगानं बोटं फिरवत नेली, अगदी सावकाश. मागच्या बाजूला, क्लिप जिथं रबराला आवळत होती तिथं, बोटाच्या टोकाला हवेची ओढ लागली. त्यांनी बोट तिथं दाबून धरलं.

गचके थांबले. इंजिन एकसारखं, शांत चालू लागलं.

"बाबा!" आतून सुनेचा आवाज आला. "काय केलंत? आकडा उतरला!"

फोरमननी बोट काढलं. गाडी पुन्हा डळमळली. दाबलं, शांत झाली. ते लहान मुलासारखे तीन-चारदा हेच करत राहिले आणि आतून प्रत्येक वेळी सून ओरडून सांगत राहिली, "चढला! उतरला! चढला! उतरला!" रस्त्यानं जाणारा एक माणूस सायकल थांबवून बघत उभा राहिला.

"माझा सेन्सर तुम्ही उगाच विकत घेतला असता," दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, आणि आत जाऊन त्या मापाच्या नळीचा तुकडा कापून घेऊन आला. "हे मधलंच बांधून ठेवू ना, ताई?"

"बांधा," सून म्हणाली. मग तिनं फोरमनकडे पाहिलं. "चालेल ना, बाबा? शेवटी निवडणार तुम्ही होतात."

"त्या मोठ्यात हीच रेघ दिसते का?" फोरमननी दुकानदाराला विचारलं.

"दिसते साहेब. हीच दिसते."

"मग हेच बांधा."

इंजिन जरा निवल्यावर सुनेनं ओढणी कमरेला खोचली आणि बॉनेटखाली वाकली. क्लिप अडचणीत होती, बारीक हाताचंच तिथं काम. फोरमन हत्यारांची पिशवी घेऊन बाजूला उभे राहिले. उन्हात तिच्या मानेवर घाम चमकत होता. तिचा उजवा हात मागे आला, तळवा उघडा.

"स्क्रूड्रायव्हर. चपटा."

तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. कामात बुडालेला माणूस असाच हात मागे करतो. डेपोत फोरमनही करत, आणि त्यात कुणीतरी हवं ते ठेवत असे. आपल्या हातात हत्यार ठेवणाऱ्याचा चेहरा त्यांनी त्या वेळी कधी बघितला नव्हता. त्यांनी पिशवीतून चपटा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याची मूठ कापडानं पुसली, आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून तो तळव्यात ठेवला.

खोकं बांधून दुकानदार बाहेर आला. एकदा वाकलेल्या सुनेकडे आणि एकदा पिशवी धरून उभ्या असलेल्या फोरमनकडे त्यानं पाहिलं.

"ताई, ती क्लिप वरच्या अंगानं घाला, सोपं जाईल," तो म्हणाला, आणि मग फोरमनना, "साहेब, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्ही एवढे जाणकार दिसता."

फोरमननी तोंडावर बोट ठेवलं.

"मेकॅनिक काम करत असताना," ते हळूच म्हणाले, "हेल्परनं मध्ये बोलायचं नसतं."

बॉनेटखाली स्क्रूड्रायव्हर फिरायचा थांबला. मग तो पुन्हा फिरू लागला, शेवटचे दोन आटे घट्ट बसले, आणि हात परत मागे आला.

"कापड," सून म्हणाली.

फोरमनकडे ते तयारच होतं.