भट्टीपासून वीस मीटर

आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या होतात. त्यासाठी भट्टीत एकशे वीस टन काच बारा महिने चोवीस तास पंधराशे अंशांवर वितळलेली असते. भट्टी मधेच बंद करायची सोय नसते. थंड झाली की काच आतच गोठते आणि भट्टी फोडून काढावी लागते.

या भट्टीचे फोरमन म्हणजे माझे सख्खे मामा. भट्टीची एक भिंत आतून झिजत चालली होती. बाहेरून दोन मोठ्या पंख्यांचा वारा मारून मामांनी ती कशीबशी धरून ठेवली होती.

"बाहेरून तीनशे दहा अंश आहे," ते मला म्हणाले. "चारशेला गेली की काच बाहेर. विटांचा एक थर वरून चढवायचा, चार दिवसांचं काम. वरच्या पाच जणांच्या सह्या तेवढ्या हव्यात. पाच आठवडे झाले, कागद वरखाली करतोय."

वरचे पाच जण म्हणजे कंपनीचं नेतृत्व. मुख्य कामांवरून त्यांचं लक्ष उडू नये म्हणून त्यांनी मला नेमलं होतं. मुख्य कामं तीन: भट्टी, बाटल्या, माणसं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, त्यामुळे लक्ष टिकवायचं तर आधी ते मोजायला हवं, एवढंच मला सुचलं. मी स्टॉपवॉच घेऊन बसले.

पहिली मीटिंग तिसऱ्या मजल्यावर झाली, भट्टीपासून एकशे ऐंशी मीटरवर. तीन तासांत भट्टीवर चार मिनिटं बोलणं झालं. बाकीचा वेळ तीन कामांचा फलक कुठे लावायचा यात गेला. विक्रीच्या मॅडमना तो खिडकीसमोर हवा होता. खरेदीप्रमुखांना दाराजवळ, म्हणजे निदान घरी जाताना तरी दिसेल.

मला एक शंका आली. पुढच्या आठवड्यात मी मीटिंग पॅकिंगच्या खोलीत लावली, नव्वद मीटरवर. अंतर निम्मं झालं. भट्टीवर पंधरा मिनिटं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पंचेचाळीस मीटरवर, गोदामात. एकसष्ट मिनिटं! अंतर निम्मं केलं की लक्ष जवळजवळ चौपट होत होतं. मी आलेख काढला. मोठे साहेब तो बघून इतके खूश झाले, की त्यांनी तो फलकावरच चिकटवायला सांगितलं. फलक अजून लागायचा होता.

दरम्यान भिंत तीनशे बेचाळीसवर गेली होती.

"आता वीस मीटर," मी मामांना म्हणाले. "सूत्रानुसार तिथे ते भट्टीवर तीनशे चोवीस मिनिटं बोलायला हवेत."

"मीटिंग किती वेळाची?"

"एकशे ऐंशी."

"बोलतील," मामा म्हणाले. "त्यांचा भरवसा नाही."

वीस मीटरवर भट्टीची धग तोंडावर येते. पाचही जणांनी कोट काढून खुर्च्यांना अडकवले. एकशे एकाहत्तर मिनिटं ते फक्त भट्टीबद्दल बोलले, म्हणजे ती किती गरम आहे याबद्दल. मामांचा कागद टेबलावरच होता. विक्रीच्या मॅडम त्याने वारा घेत होत्या.

शेवटी मोठे साहेब म्हणाले, "फोरमन, भट्टीवर लक्ष द्यायचं म्हणूनच आम्ही इथे बसलोय ना? मग ही जरा कमी करा. मीटिंगपुरती. बावीसवर ठेवा."

"बावीस काय, साहेब?"

"अंश."

मामांनी कानातला कापसाचा बोळा काढला. "साहेब, पंधराशेची भट्टी बावीसवर आणली तर तिच्याखाली तुमचे कागद ठेवा. एकशे वीस टनांचा पेपरवेट होईल."

"नाही म्हणायची सवयच लागलीय तुम्हा लोकांना," खरेदीप्रमुख म्हणाले. "बरं, ते दोन पंखे इकडे वळवा. त्याला तरी ना नाही ना?"

"ना आहे. ते भिंतीसाठी आहेत."

"भिंत महत्त्वाची की नेतृत्व?" एचआरच्या मॅडमनी विचारलं. हात वर झाले, पाचच्या पाच. एकमताने झालेला तो पहिला निर्णय. पंखे टेबलाकडे वळले आणि सगळे सुखावले. खरेदीप्रमुखांनी तर शर्टाचं वरचं बटण पुन्हा लावलं.

मी भिंतीवर तापमापकाची बंदूक रोखली. तीनशे अठ्ठावन्न. पाच मिनिटांनी तीनशे एकाहत्तर. मामा माझ्याकडे बघत होते. या लोकांना इथवर मीच ओढून आणलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"साहेब," मी म्हणाले, "प्रयोग छान चाललाय. पुढची जागा सहा मीटर."

"व्वा! तिथे किती लक्ष लागेल?"

मी कागदावर आकडे मांडून दाखवले. "तीन हजार सहाशे मिनिटं."

"तासांत सांग."

"साठ."

खरेदीप्रमुखांनी वरचं बटण पुन्हा सोडलं.

"साठ तास? इथे?" विक्रीच्या मॅडम म्हणाल्या.

"इथे नाही, मॅडम. तिथे." मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीचे सांधे लालसर दिसायला लागले होते. "शिवाय आजची एकशे त्रेपन्न मिनिटं राहिलीत. ती आधी."

"सूत्र चुकत असेल," कायदा बघणारे साहेब पहिल्यांदाच बोलले.

"तीन वेळा बरोबर आलंय," मोठे साहेब खिन्नपणे म्हणाले. "आलेख आहे आपल्याकडे."

सूत्र कुठल्या अंतरानंतर मोडतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वीस मीटरच्या आत माझ्याकडे मोजमापच नव्हतं.

"भट्टीबद्दल बोलण्यासारखं काही उरलंच नाही, तर?" एचआरच्या मॅडमनी विचारलं.

"तर बसायचं कारणच उरत नाही."

मामांनी विक्रीच्या मॅडमच्या हातातला पंखा, म्हणजे आपला कागद, अलगद काढून घेतला आणि मोठ्या साहेबांसमोर सरळ करून ठेवला. साहेबांनी पेन उघडलं. पाच सह्या व्हायला अडीच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाचव्या सहीखाली कायदेवाल्या साहेबांनी एक ओळ घातली: काम चालू असताना नेतृत्वाने हजर राहू नये.

"इतक्या आठवड्यांतलं पहिलं शहाणपणाचं वाक्य," मामा पुटपुटले. पंखे त्यांनी आधीच भिंतीकडे वळवले होते. तीनशे ब्याऐंशी. तीनशे ऐंशी. तीनशे पंचाहत्तर.

पाच जण कोट उचलून लगबगीने निघाले. दाराशी मोठे साहेब थबकले आणि म्हणाले, "फलकाचं मात्र राहिलंच. उद्या सकाळी बसू."

मामांनी खिशातून फोन काढला आणि विटांच्या मिस्त्रीला लावला.

"हां, ये. माणसं घेऊन ये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "उद्या नको रे बाबा, आत्ताच नीघ. उद्या परत मीटिंग आहे."