एककानी डबा

समोरून

“तू तर रोज कागदावर डबेच काढतोस. मग तूच सांग,” ताई म्हणाली, “हे पलीकडे कशाला गेले?”

क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आता ती दोघंच होती. भेटायला येणारी माणसं ओसरली होती. पाच दिवसांपूर्वी यार्डात दोन मालडब्यांच्या मधून पलीकडे जाताना भावोजी त्यांच्या टोकांच्या लोखंडी बफरांमध्ये चिरडले. बावीस वर्षं शंटिंग केलेला माणूस.

“म्हणतात, नियम मोडला. गुरुवारी चौकशी आहे. ह्यांची चूक ठरली तर महिन्यात क्वार्टर सोडायचं. ते सोडीन रे मी. पण कागदावर कायमचं राहणार, की स्वतःच्या हलगर्जीपणाने मेले. ह्यांनी कधी चप्पल वाकडी काढली नाही.”

धाकटा भाऊ रेल्वेच्या आरेखन कचेरीत होता. इंजिनं आणि डबे आधी त्याच्या पट्टीखालून जायचे, मग कारखान्यात. त्याने कपातला चहा संपवला, रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

“बघतो मी,” तो म्हणाला.

बघायचं काहीच नव्हतं. उत्तर त्याला पाठ होतं. ब्रेकचा दांडा पलीकडे होता, म्हणून गेले.

बाजूने

मालडब्याचं चित्र काढताना दोन्ही बाजू कुणी काढत नाही. एक बाजू नीट काढायची आणि खाली लिहायचं: दुसरी बाजू अशीच. कारखान्यातल्या लोकांना तेवढं पुरतं. नऊ वर्षांपूर्वी नव्या डब्याच्या चित्राखाली त्याने ते तीन शब्द लिहिले होते. शाईने, ट्रेसिंगच्या कापडावर, सुबक अक्षरात. म्हणजे ब्रेकचा दांडा डावीकडे आणि तसाच उजवीकडे.

साहेब मागे येऊन उभे राहिले.

“एका डब्याचा ब्रेक लावायला माणसं किती लागतात हो?”

“एक, साहेब.”

“मग दांडे दोन कशाला? तो काय दोन्हीकडून लोंबकळणार आहे?”

कचेरी हसली. साहेबांच्या विनोदाला हसायची तिथे पद्धतच होती.

“साहेब, डबा उलटा फिरून आला तर दांडा पलीकडे जातो. माणसाला गाडीला वळसा घालून—”

“घालू दे. पाय कशाला दिलेत देवाने?”

दांडा, दांड्याची पट्टी, आधाराचे ब्रॅकेट, सगळं मिळून साठ किलो. पन्नास डब्यांचं तीन टन. तेवढं वाचलं, की त्याच इंजिनाने तीन टन कोळसा जास्त ओढायचा. गणित बिनचूक होतं. त्याच आठवड्यात साहेबांनी नव्या इंजिनाच्या चिमणीला पितळी कडं मंजूर केलं. ते काही ओढत नव्हतं, काही थांबवत नव्हतं. फोटोत छान यायचं.

शाई रबराने जात नाही, ब्लेडने खरवडावी लागते. त्याने तीन शब्द खरवडले, जागा नखाने घासून गुळगुळीत केली. बदल करणाऱ्याने कोपऱ्यात सही करायची असते. करायला सांगणाऱ्यासाठी तिथे रकाना नसतो. त्याने सही केली आणि डबा खाऊन घेतला, कारण दीड वाजला होता.

मग ते डबे आले. शेकड्यांनी आले. यार्डातल्या माणसांनी त्यांचं बारसं केलं: एककानी. सोडलेल्या डब्यांची रांग उतारावर पळतेय, धावत जाऊन दांड्यावर वजन टाकायचंय आणि कान नेमका पलीकडे. चाळीस डब्यांना वळसा घालेपर्यंत ती पुढच्या गाडीत घुसणार. मग माणूस वाकतो आणि मधून जातो. रोज जातो. रोज सगळे बघतात.

“काय पाहुणे,” भावोजी रविवारी जेवताना त्याला चिडवायचे, “तुमच्या कचेरीत सगळे एकाच कानाचे आहेत का हो? ज्याने काढलाय ना तो डबा, त्याला एक दिवस माझ्याकडे पाठवा. दुसरा कान आपोआप उगवेल.”

ताई हसायची. तोही हसायचा आणि आणखी एक वाढ म्हणायचा.

छेद

गुरुवारी तो कापडाची गुंडाळी काखेत मारून गेला. मूग गिळून बसला असता तर कुणी त्याला विचारलंही नसतं.

साहेब आता मोठे साहेब झाले होते. चौकशीच्या टेबलामागे मधल्या खुर्चीत तेच. ताई मागच्या बाकावर, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

त्याने कापड खिडकीशी धरलं. उजेडात तीन शब्दांएवढा पांढरट पट्टा दिसला, बरी झालेली जखम दिसते तसा.

“इथे ‘दुसरी बाजू अशीच’ असं होतं. ते खोडलं गेलं. म्हणून दांडा एकाच बाजूला. म्हणून माणसांना मधून जावं लागतं. मयताची चूक नाही.”

“खोडलं गेलं?” मोठे साहेब म्हणाले. “आपोआप?”

“खोडलं.”

“कुणी?”

“मी.”

बाक करकरला. त्याने मागे बघितलं नाही.

“तुम्ही सांगितलंत, साहेब. माझ्या टेबलाशी उभे होतात.”

“लेखी?”

त्याने कापडाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे एकच सही होती.

“अहो, मी दिवसाला शंभर टेबलांशी उभा राहतो.” कुणीतरी हसलं. “बरं, यात धोका आहे हे तुम्हाला तेव्हा कळत होतं?”

“हो.”

“तरी सही केलीत.”

“हो.”

“मयत तुमचे कोण?”

“भावोजी.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ केला. “मग नऊ वर्षांत त्यांना कधी सांगितलंत?”

कापड अजून खिडकीशीच होतं. हात भरून आला तरी त्याला ते खाली घ्यायचं सुचलं नाही.

निकाल त्याच दुपारी लागला. मयताने चालत्या डब्यांमधून न जाण्याचा नियम मोडला. आरेखकाला सक्त ताकीद. यापुढे बांधायच्या डब्यांना दोन्ही बाजूंना दांडे असावेत. जुने आहेत तसे चालतील.

व्हरांड्यात ताई त्याच्यासमोर आली. ती ओरडली नाही.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि तू दर रविवारी माझ्या हातचं जेवलास.”

“ताई, आज मी खरं सांगायला—”

“आज.” ती एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

वरून

महिनाअखेरीस क्वार्टर रिकामं करायच्या दिवशी तो गेला. दाराशी हातगाडी उभी होती. भांडी, गाद्या, दोन ट्रंका चढल्या होत्या. राहिलं होतं लाकडी कपाट. ताईने त्याचं एक टोक उचललं होतं, दुसरं टोक जमिनीवर होतं.

तो पुढे झाला, बाह्या सारल्या, वाकला.

“अहो,” ताईने त्याच्या डोक्यावरून हातगाडीवाल्याला हाक मारली, “जरा इकडून धरता का?”

हातगाडीवाला बिडी विझवून आत आला. “सरका साहेब,” तो म्हणाला.

तो सरकला. कपाट दारातून तिरकं काढावं लागलं. भिंतीला अंग चिकटवून, पोट आत घेऊन, तो ते जाईपर्यंत उभा राहिला.