चिठ्ठी न निघालेला रविवार

साल एकोणीसशे सत्तावन्न. त्या वर्षी तापाची साथ आली आणि नदीपलीकडच्या गोदामात रोग्यांसाठी खाटा टाकल्या. तिथे मदतीला गेलेली दोन माणसं पंधरा दिवसांत दगावली. तिसरा माणूस आमची मंडळी देईल, असा शब्द आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी देऊन टाकला.

माणूस निवडायची मंडळीची रीत जुनी होती. जितकी नावं, तितकी एकसारखी गीतपुस्तकं; त्यांतल्या एकात चिठ्ठी, 'प्रभूला तुझी गरज आहे' एवढंच लिहिलेली. ज्याच्या हाती ते पुस्तक येईल, त्याला देवाने नेमलं. वडीलमंडळींनी तीन नावं काढली: शिंपी, मास्तर आणि कंपाउंडर.

कंपाउंडरची बायको बाइंडर होती. पुस्तकांना नवं काळं कापड चढवून ती दोऱ्याने बांधून द्यायचं काम वीस वर्षं तिचंच. आत डोकावली नव्हती कधी. त्या शनिवारी दुपारी मात्र मधल्या पुस्तकातून कागदाचं टोक दिसलं.

कुठलं पुस्तक टाळायचं ते नवऱ्याला सांगता आलं असतं. पण लगेच शिंप्याच्या चार मुली डोळ्यांसमोर आल्या. तिने चिठ्ठीच काढून घेतली. कुणीच जायला नको. प्रभूचं नाव असलेला कागद जाळवेना, म्हणून एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावून तो चिकटवला आणि वर अस्तर बसवलं. तिन्ही पुस्तकं दाबयंत्रात घातली, उलटीपालटी केली. आता तिचं तिलाही ओळखता येईना.

संध्याकाळी सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सूनबाई, मिठाऐवजी खळ घातलीस की काय?"

"घातली असेल, आई."

"अगं, मी थट्टा करतेय!"

तिला हसू आलं नाही. तिने देवाच्या तोंडातला शब्द काढून घेतला होता.

रविवारी तिघांनी एकेक पुस्तक उचललं. शिंप्याने दोरा तोडला, पानं उलटली आणि चिठ्ठी नाही बघून घाईने जागेवर जाऊन बसला. मास्तरांनी पुस्तक दोनदा झटकलं. आता सगळ्यांच्या नजरा कंपाउंडरवर. त्याने शांतपणे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. काहीच नाही.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "चिठ्ठी मी स्वतः ठेवली होती," ते पुटपुटले.

सुटलो, असं बाइंडरबाईला वाटलं तोच शेजारचा बाक करकरला.

"देवाने नेमलं असतं तर जावंच लागलं असतं," तिचा नवरा म्हणाला. "नेमलं नाही म्हणजे तो विचारतोय. मी जातो."

तिने त्याची बाही ओढली, पण तो खाली बसला नाही.

दुपारी तिने पाळकसाहेबांपुढे सगळं ओकून टाकलं. "माझ्याच हाताने मी त्यांना धाडलं. का देवानेच माझा हात वापरला? तसं असेल तर मी काय करायला हवं होतं?"

"चिठ्ठी तू काढलीस, तुझा हात कुणी धरला नव्हता. 'जातो' तो म्हणाला, त्याच्या तोंडी कुणी घातलं नव्हतं. आणि देव दोन्ही वेळा जागा होता. हे सगळं एकत्र कसं खरं, ते चाळीस वर्षांत मला उमगलं नाही, बाई."

त्यांनी तिन्ही पुस्तकं पुढे सरकवली. "अस्तरं उचकटून बघायची? कुणाच्या पुस्तकात आहे ते?"

तिने सुरी हातात घेतली. मग ती खाली ठेवली.

"नको. त्यांच्याच पुस्तकात निघाली तर?"

"निघाली तर मलाही भीती वाटेल," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप घातलं.

कंपाउंडर अकरा महिन्यांनी परतला, अर्ध्या वजनाचा. तिने पायरीवरच सगळं सांगून टाकलं. तो दम लागेपर्यंत हसला. "आणि मी आपला स्वतःहून गेलो म्हणून फुशारत होतो!" पुढे तो सव्वीस वर्षं जगला. सासूबाई त्याला परत आलेला बघून त्याच हिवाळ्यात गेल्या. शिंप्याने चारही मुलींची लग्नं केली. कंपाउंडर समोरून आला की तो रस्ता बदलायचा. मास्तर पुढे पाळक झाले आणि त्यांनी 'कोण जाईल?' असं विचारून, हात वर करायला लावून माणसं निवडली. म्हातारे पाळकसाहेब गेले तेव्हा कपाटाच्या किल्लीचं कुणी विचारलं नाही. बाइंडरबाई शेवटपर्यंत पुस्तकं बांधत राहिली. प्रार्थनेतलं 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' एवढं मात्र ती इतरांच्या मागून, अगदी हळू म्हणायची.