एक्केचाळिसावा शिंपला

“मावशी, यंदा चांदी आहे आपली! एक्केचाळीस शिंपले!” नव्या साहेबांनी ट्रे टेबलावर ठेवला.

मावशींनी चष्मा पुसला. सव्वीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत खाऱ्या तळ्याच्या तळाचा चिखल चाळणीवर धूत आल्या होत्या. अळ्या, गोगलगायी, शिंपले चिमट्याने वेचायचे, मोजायचे आणि स्पिरिटच्या बाटलीत घालायचे, एवढंच काम. बोटं कायमची भिजल्यासारखी झाली होती आणि कंबरेने तर कधीच राजीनामा दिला होता.

“मिटलेले दिसले म्हणून जिवंत धरलेत ना? जरा दाबून बघा.”

साहेबांनी एक शिंपला अंगठ्याने दाबला. झाकणं सरकली. आत नुसता काळा, कुजका चिखल. मेलेल्या शिंपल्यात चिखल भरला की तो असाच मिटून बसतो आणि नवखा माणूस हमखास फसतो. पहिल्या वर्षी मावशीही फसल्या होत्या, पण तेव्हा उरलेले तरी जिवंत निघायचे. पुढे तळ्यात गटारं सोडली, मग बोटींसाठी तळ उपसायला घेतला. आता तांबड्या दोऱ्यासारख्या अळ्या तेवढ्या तग धरून होत्या.

साहेबांचा चेहरा उतरला. हा चिखल तळ्याच्या न उपसलेल्या शेवटच्या कोपऱ्यातला होता. एक तरी जिवंत शिंपला दाखवला तर त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही असं तळ्याचं काम बघणाऱ्या समितीने ठरवलं होतं. नाहीतर सोमवारी यंत्र तिथेच लागणार होतं.

दोघं समोरासमोर बसून दाबत राहिले. वीस झाले, तीस झाले, सगळ्यांत चिखल. चाळीसही तसेच गेले.

एक्केचाळिसावा मात्र मावशींच्या अंगठ्याला दाद देईना. त्यांनी तो खाऱ्या पाण्याच्या वाडग्यात ठेवला. अर्ध्या तासाने फट उघडली आणि पांढरं मांस जीभ दाखवावी तसं बाहेर आलं.

“आगाऊ कुठला!” मावशी हसल्या.

“फोटो काढून परत सोडू या का याला?”

“फोटो चालत नाही हो, बाटलीच लागते समितीला. मागच्या वर्षी मी असाच एक नुसता वहीत लिहून सोडून दिला. म्हणाले, कागदावर काय, उद्या हत्तीही लिहाल. झालं, पलीकडची बाजू उपसली.”

“पण मावशी, हा शेवटचाच असला तर?”

मावशींनी वाडगा जवळ ओढला. त्यांना फार वाईट वाटलं. हजारो शिंपले बाटलीत घालताना कधी वाटलं नव्हतं, याचंही वाटलं.

सुटायच्या वेळेपर्यंत त्यांनी त्याला पाण्यात राहू दिलं. मग पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली: ‘जिवंत, एक.’ फळीवर जुन्या वर्षांच्या बरण्या शिंपल्यांनी काठोकाठ भरलेल्या होत्या. त्यांच्या मागे हात घालून मावशींनी सगळ्यात लहान बाटली शोधून काढली. तीही मोठी पडली.