मास्तरीणबाईंचा अर्धा स्वेटर

डोळ्यांच्या दवाखान्यात ती गेली बावीस वर्षं पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालत होती. "वर बघा, डोळे मिटा, चोळू नका," हे ती झोपेतही पुटपुटते, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत टेबलाखाली सुया चालवून तिने आजवर किती स्वेटर हातावेगळे केले, याला गणती नव्हती. डॉक्टर तिला लोकरताई म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले.

त्या वर्षी मात्र लोकरताईचा हात कुरकुरायला लागला. उजव्या मनगटात कळ उठायची ती थेट कोपरापर्यंत जायची. थेंबांची बाटली दाबतानाही ती दात आवळायची.

दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत विणणाऱ्या बायका जमत. डोंगरावर एक अनाथ मुलांचं वसतिगृह होतं. थंडी पडायच्या आत तिथे तीस स्वेटर पाठवायचे, हा त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेला नेम. सुरुवातीला अकरा जणी होत्या. कोणाला नातवंडं झाली, कोणाचे गुडघे गेले, कोणी मुलीकडे राहायला गेली. आता पाच उरल्या होत्या. आणि जी जाई ती आपलं अर्धवट काम लोकरताईच्या गळ्यात घालून जाई. "तुझा हात भराभर चालतो गं," म्हणायचं आणि पिशवी पुढे करायची. लोकरताईला नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, काहींच्या दोन-दोन धरून, अशा सात पिशव्या साठल्या होत्या. एकीत बाहीच नाही, एकीत नुसतीच चार बोटं बॉर्डर.

"आपल्याकडे पुरं असं काही येतच नाही," कप्प्याचं दार लागेना म्हणून नवऱ्याने ते पायाने ढकललं. "जावईसुद्धा तुझ्या बाबांनी अर्धा कच्चाच पसंत केला."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिने नुसतंच मनगट चोळलं.

अशातच एका दुपारी घड्याळजी दवाखान्यात आले. चौकात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं चिंचोळं दुकान होतं. त्यांची बायको म्हणजे गटातल्या सगळ्यात जुन्या बाई. कोणाचा टाका सैल पडला की सुईने टेबलावर टकटक करायच्या, म्हणून त्यांना सगळ्या मास्तरीणबाई म्हणत. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

"डोळे दाखवायचेत?" लोकरताईने विचारलं.

"डोळे ठीक आहेत." त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली. "तिचं शेवटचं काम. माझ्यासाठी स्वेटर विणत होती. तेवढा पुरा करून द्याल का?"

तिच्या तोंडात "नाही हो जमायचं" तयार होतं. बाहेर पडलं ते, "ठेवा ना."

घरी येऊन तिने पिशवी उघडली. बाटलीसारखा गडद हिरवा रंग. पाठ पूर्ण झालेली, पुढची बाजू अर्ध्यावर सुईत अडकलेली. तिने पाठ टेबलावर पसरली आणि हाताने मोजली. जेमतेम दीड वीत. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं माप. हा घड्याळजींचा स्वेटर नव्हताच. तो वसतिगृहाचा होता.

"मग उसव आणि त्यांच्या मापाचा विण," नवरा म्हणाला. "त्यांना काय कळतंय?"

"लोकर पुरायची नाही. आणि उसवला तर बाईंचं त्यात राहिलं काय?"

"मग सांगून टाक त्यांना."

"तुम्ही सांगता?"

नवऱ्याने वर्तमानपत्र वर केलं.

तीन आठवडे पिशवी खुंटीला लटकून राहिली. घड्याळजी दोनदा दवाखान्यावरून गेले. दोन्ही वेळा दारातून डोकावून म्हणाले, "घाई काही नाही हं." तिसऱ्यांदा त्यांनी तसं म्हणायच्या आत, एका जेवणाच्या सुट्टीत, लोकरताई स्वतःच पिशवी घेऊन त्यांच्या दुकानात गेली.

ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते. तिला पाहताच त्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं.

"झाला?"

"नाही." ती समोरच्या स्टुलावर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. "हा तुमचा नाहीये. हा लहान मुलाचा आहे."

घड्याळजींनी पाठीचा तुकडा हातात घेतला, उभे राहून छातीला लावला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं शर्ट उघडाच राहिला.

"पिशवी उघडली होती मी," ते म्हणाले. "पण पसरून नाही पाहिला. तिने माझं माप घेतलं होतं हो. इस्पितळातून तिला घरी आणलं त्या आठवड्यात. टेप घेऊन बसली होती पलंगावर. हात वर करा म्हणाली."

"मग हा झाल्यावर तुमचा विणायला घेणार असतील."

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"हो," लोकरताई म्हणाली. खोटं रेटायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

ते खाली बसले. बराच वेळ तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "असे किती केले तिने?"

"आमच्या वहीत दोनशे बारा आहेत."

"दोनशे बारा! आणि मला एकाचाही रंग आठवत नाही. ती तिथे विणायची, मी इथे मान खाली घालून. विचारलंच नाही कधी." त्यांनी तुकडा घडी करून परत दिला. "पोराचाच करा मग. ज्याचा आहे त्याला जाऊ दे."

लोकरताईने पिशवी मांडीवर घेतली, पण उठली नाही. मग, ज्याचा तिने घरी उच्चारही केला नव्हता ते, या जवळजवळ परक्या माणसासमोर ती बोलून गेली. "मी दमलेय हो. हात उचलत नाही. सगळ्या आपापलं अर्धं माझ्याकडे टाकून जातात. हा करीन, पण याच्यापुढे कोणाचं घेणार नाही."

घड्याळजींनी खालचा लाकडी खण ओढून दाखवला. आत घड्याळं खच्चून भरली होती, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. "ही सगळी दुरुस्त झालेली आहेत. न्यायला कोणी येत नाही. काही आठ-आठ वर्षं पडून आहेत. मी किल्ली देत बसतो." त्यांनी खण लोटला. "तुम्ही नाही म्हणून टाका. माणसं काही दिवस रागावतात, आणि मग विसरतात."

तिने स्वेटर पुरा केला. मास्तरीणबाईंची वीण घट्ट, हिची जरा सैल. पुढच्या बाजूला, बरोब्बर छातीवर, एक हात संपून दुसरा सुरू झालेला स्वच्छ दिसत होता. नेहमीची लोकरताई असती तर चार ओळी उसवून मेळ घातला असता. तिने तसंच पुढे रेटलं, गळा केला, बाह्या केल्या.

पुढच्या शनिवारी तिने सातही पिशव्या वाचनालयात नेऊन टेबलावर मांडल्या. "जिचं तिला पोचवा, नाहीतर उसवा. माझ्याने होत नाही." दोघींनी तोंड वाकडं केलं. एक म्हणाली, "मुलांचं काय गं?" "ते मला माहीत नाही," लोकरताई म्हणाली. त्या वर्षी तीसऐवजी बावीसच स्वेटर गेले. हिशेब तिला टोचत राहिला, आठ पोरं डोळ्यांसमोर येत राहिली. तरी पिशव्या काही तिने परत घेतल्या नाहीत.

खोकं भरायच्या दिवशी घड्याळजी आले. हिरवा स्वेटर त्यांनी स्वतः घडी केला. छातीवरच्या त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथपर्यंत ती, होय ना?"

"इथपर्यंत."

"कुठल्या पोराला मिळेल?"

"ते कळत नाही आपल्याला कधी. ज्याला बसेल त्याला."

त्यांनी मान हलवली आणि स्वेटर अगदी वर न ठेवता मध्ये, बाकीच्यांच्यात सरकवला.

घरी येऊन लोकरताई जेवली आणि भर दुपारी आडवी झाली. उठली तेव्हा पाच वाजून गेले होते. नवऱ्याने चहा केला होता, साखर विसरून. तिने तो तसाच प्यायला आणि पुन्हा पडून राहिली.